आजारी पडायला सत्तरी गाठा

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला आणि २९ ऑक्टोबरपासून 'आयुष्मान वय वंदना' कार्डं निघू लागली. तेव्हापासून ठाण्याच्या तलावपाळीवरच्या कट्ट्यांपासून नवी मुंबईतल्या विरंगुळा केंद्रांपर्यंत एकच वाद दोन्ही टोकांनी ओढला जातोय. एका बाजूचे विचारतात, घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याची बायपास सरकारने फुकट का करावी? दुसऱ्या बाजूचे 'सत्तरचं साठ करा' असे फलक लावतात आणि साठ केल्यावर पैसा कुठून येणार, खाट कुठे मिळणार, याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. दोघंही वयाच्या आकड्यावरून भांडतात. आणि त्या भांडणात दिव्यांग माणसाला कोणीच बोलावलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वयाची अट साठवर आणावी. दिव्यांग व्यक्तीला तिचं वय आणि तिच्या घरच्यांचं उत्पन्न न बघता हेच संरक्षण मिळावं. आणि हे संरक्षण कुटुंबाच्या सामाईक रकमेतून नको, त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर हवं. यातला तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याच्यावरच सगळ्यांत कमी बोललं जातं.

इथे लगेच एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो: महाराष्ट्रात आता सगळ्यांनाच संरक्षण आहे, मग आणखी काय वाढवायचं? गोष्ट खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढरी शिधापत्रिकाही तीत आली. पुढच्या वर्षी अंमल सुरू झाला. देशातल्या फार थोड्या राज्यांनी एवढी मजल मारली आहे, हे मान्य करायला हवं. पण हे पाच लाख कुटुंबाचे आहेत. एका शिधापत्रिकेवरचे आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं या सगळ्यांनी मिळून ते वापरायचे. आजोबांच्या अँजिओप्लास्टीनंतर चार महिन्यांनी सुनेचं मोठं ऑपरेशन निघालं की घरात हिशेब सुरू होतो, आणि अशा हिशेबात माघार कोण घेतं हे सांगायला नको. 'माझं आता काय राहिलंय, पोरांसाठी ठेवा' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. छातीत कळ आली की ती ॲसिडिटी म्हणून दडपणारी माणसं फक्त गरीब घरांत नसतात.

केंद्राने हा धोका ओळखला होता, म्हणूनच ज्या कुटुंबांना आधीपासून आयुष्मान योजना लागू होती त्यांतल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख दिले. घरातल्या बाकीच्यांना त्यांना हात लावता येत नाही. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर ते दोघांत वाटले जातात, ही त्यातली उणीव. पण तत्त्व मान्य झालं: ज्याला उपचारांची गरज हमखास जास्त आणि घरात ज्याचा शब्द हमखास कमी, त्याचा वाटा वेगळा काढून ठेवायचा. मग हेच वर्णन दिव्यांग माणसाला शब्दशः लागू पडत नाही का?

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, तेव्हा मृतांचे आकडे पहिल्या पानावर आले. रुळांवर जे जातात त्यांची बातमी होते. जे पाय किंवा पाठीचा कणा गमावून घरी येतात त्यांची होत नाही. दिवा-मुंब्रा-कळवा पट्ट्यात असा तिशीतला तरुण शोधायला लांब जावं लागत नाही. भरपाई मिळाली तर एकदाच. त्यानंतर लघवीचे संसर्ग, बेडसोअर, पुन्हा पुन्हा करावी लागणारी ऑपरेशनं हे सगळं जन्मभर. हा मुलगा सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावाचा एक रुपयाही वेगळा नाही. भावाच्या शिधापत्रिकेवर त्याचं नाव असेल तर भावाच्या मुलांच्या वाट्यातून त्याने घ्यायचं.

केंद्राची मूळ आयुष्मान योजना २०१८ मध्ये आली ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेच्या आधारावर. त्या गणनेत ग्रामीण भागासाठी वंचिततेचे जे निकष होते त्यांत दिव्यांगत्व होतं, पण कसं? घरात दिव्यांग सदस्य आहे *आणि* एकही धडधाकट प्रौढ नाही, अशा कुटुंबाला. म्हणजे धाकटा भाऊ अठराचा झाला की थोरल्याचं दिव्यांगत्व त्या रकान्यापुरतं संपलं! शहरांसाठी तर एवढंही नव्हतं. तिथे कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर अशा अकरा व्यवसायगटांवरून पात्रता ठरली. ज्याला कोणी कामावरच घेत नाही त्याला व्यवसायाच्या यादीत शोधण्याची ही कल्पना कोणाला सुचली, देव जाणे.

बरं, कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजना आखायला सांगताना एक अट घातली आहे: इतरांना असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारं साहाय्य किमान २५ टक्के जास्त असावं. त्याच कलमात, जे कामगार विम्यात किंवा दुसऱ्या सरकारी विम्यात बसत नाहीत अशा दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजनेचाही उल्लेख आहे. साधं त्रैराशिक मांडा. सर्वांना पाच लाख, तर दिव्यांगांना सव्वासहा. हे कुठे दिसतंय? कायद्यात 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असेही शब्द आहेत आणि सरकारी वकील नेमकं त्यांवर बोट ठेवेल, याची मला कल्पना आहे. पण क्षमता नाही म्हणून कमी देणं वेगळं आणि हा प्रश्न कधी पटलावरच न घेणं वेगळं. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना एक लाखाची आहे आणि तिच्यात बाह्यरुग्ण उपचारही बसतात, हे तिचं मोठेपण. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांपुरती. कायद्याने मान्य केलेले प्रकार २१ आहेत. खासगी विम्याचं म्हणाल तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पॉलिसी नाकारली म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने विमा नियामकाला धारेवर धरलं, आणि त्यानंतर कुठे २०२३ मध्ये कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला भाग पाडलं गेलं. बाजार हे आपण होऊन करणार नव्हता.

वय आणि दिव्यांगत्व यांची मोट बांधणं ही माझी कल्पना नाही. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जगातला पहिला मोठा वृद्धापकाळाचा विमा काढला तो म्हातारपण आणि अपंगत्व या दोन्हींचा मिळून, एकाच कायद्यात. आणि गंमत म्हणजे वयाची अट तिथेही सत्तरच होती. ती पासष्टवर यायला १९१६ साल उजाडलं. पण कारखान्यात पंचेचाळिसाव्या वर्षी हात गमावलेल्याला सत्तरीपर्यंत थांब असं तो कायदा म्हणत नव्हता. अमेरिकेने १९६५ मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणलं तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने त्याला समाजवाद म्हणून झोडपलं होतं. सात वर्षांनी, १९७२ च्या दुरुस्तीने, पासष्टीच्या आतले दिव्यांग आणि मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण त्याच योजनेत आले. तर्क सरळ होता: म्हातारपणी विमा मिळत नाही, नोकरी नसते, खर्च मोठा असतो, म्हणून आपण सरकारी संरक्षण देतो, तीच तीन कारणं चाळिशीत हजर असतील तर नकार कशाच्या जोरावर द्यायचा? आपल्याकडे लांब जायलाच नको. कामगार राज्य विम्यात आजही निवृत्त कामगाराला आणि कामावरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराला, जोडीदारासह, वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. वागळे इस्टेटमधल्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे ठाऊक आहे. म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या व्यवस्थेला जे जमलं ते आपण विसरलो, एवढंच.

आता सत्तर या आकड्याकडे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे माणूस साठीला ज्येष्ठ होतो. एसटीचं तिकीट पासष्टीला अर्धं होतं आणि पंचाहत्तरीला माफ. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकदाचे ३००० रुपये पासष्टीपासून. लाडकी बहीण योजना पासष्टीला थांबते. वय वंदना सत्तरीला सुरू होते. म्हणजे पासष्टीला बाई बहीण राहत नाही आणि सत्तरीपर्यंत आजी होत नाही. मधली पाच वर्षं ती सरकारदरबारी कोण असते, हे एखाद्या मंत्र्याने सांगावं. आणि नेमक्या याच वर्षांत सगळं कोसळतं. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपतो. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीपुढच्यांनाही नवी पॉलिसी घेता येते, हे चांगलंच झालं, पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड लागू शकतो आणि हप्ता ऐकून माणूस खाली बसतो. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयांवर आहे. त्यात मेडिक्लेमचा हप्ता कुठून भरणार? मग साठ ते सत्तर ही दहा वर्षं बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड खाऊन काढायची, आणि सत्तरीला मोफत उपचारांच्या दारात पोचायचं ते अर्धांगवायूचा झटका घेऊन.

'श्रीमंतांना का?' हा पहिल्या बाजूचा सगळ्यांत लाडका प्रश्न. मी म्हणतो, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्याने साठच्या बाजूने उभं राहायला हवं. सत्तरी कोण गाठतं? तुर्भ्याच्या मार्केटमध्ये तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेला माथाडी पंचावन्नाव्या वर्षी म्हातारा झालेला असतो. गुडघे, मणके, फुप्फुसं सगळं गेलेलं. एसी ऑफिसात नोकरी केलेला, वेळेवर तपासण्या करून घेणारा माझ्यासारखा माणूस सत्तरीनंतर फिरायला येतो आणि गरिबांच्या योजनेवर मत देतो. वयाची रेषा जितकी वर न्याल तितकी ती सुस्थितीतल्यांची होत जाते, कारण कष्टकरी त्या रेषेपर्यंत कमी पोचतात. सत्तर ही अट काटकसरीची दिसते. प्रत्यक्षात ती योजनेचा तोंडवळाच श्रीमंतांकडे फिरवते. साठवर आणली तर तीच योजना गरिबांकडे सरकते.

राहिला टॉवरमधला श्रीमंत. त्याला वगळायला उत्पन्नाचा दाखला मागा, असं सुचवलं जातं. धर्मादाय रुग्णालयांत हे आपण करून पाहतोय. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत राखीव आहेत, उत्पन्नाच्या दाखल्यावर. ज्याच्या घरात कोणी आयसीयूत आहे त्याला सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागलंय का, विचारा एकदा. शिवाय म्हाताऱ्या बाईचं उत्पन्न कोणाचं धरायचं? मुलगा ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, म्हणून ती श्रीमंत. आणि तो मुलगा सहा महिने फोन करत नाही, हे कोणत्या दाखल्यावर येणार? नौपाड्यात दीड कोटीच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहणारी, पण हातात महिन्याला दोन हजारही न येणारी विधवा कोणत्या गटात? गाळणी लावली की श्रीमंत थोडे गळतात आणि गरजू पुष्कळ. दाखला मिळवण्याची ताकद श्रीमंतातच जास्त असते.

याचं उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी शोधलं होतं. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हाही शहाण्यांनी विचारलं होतं, सधन शेतकऱ्याची माणसं येऊन मजुरी उचलतील त्याचं काय? योजनेने उत्पन्नाचा दाखला मागितलाच नाही. उन्हात खडी फोडायची ज्याची तयारी आहे त्याला काम. सधन माणूस आलाच नाही, कारण त्याला ते नको होतं. आरोग्य योजनेत हेच काम जनरल वॉर्ड करतो. योजनेचं पॅकेज जनरल वॉर्डचं आहे. टॉवरमधल्या ज्या गृहस्थाला आपण एवढे घाबरतो तो डिलक्स रूम सोडून आठ खाटांच्या वॉर्डात, सामाईक संडासाजवळ, पाच दिवस झोपायला तयार असेल तर खुशाल झोपू दे. कदाचित त्यामुळे त्या संडासाची अवस्था सुधारेल. ज्या सेवेत वरच्या थरातलं कोणी येत नाही तिच्याबद्दल ओरडायलाही कोणी उरत नाही, हे महापालिकेच्या शाळांत आपण पाहिलंच आहे.

पुढचा आक्षेप खरोखर जड आहे. कार्ड वाटल्याने खाट तयार होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. जिल्हा सामान्य रुग्णालय तेव्हा नव्या बांधकामासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हललेलं होतं आणि शहापूर-मुरबाडपासूनच्या रुग्णांचा लोंढा कळव्याकडे वळलेला होता. अशा व्यवस्थेवर साठीपुढच्यांचा आणखी भार टाकायचा? शिवाय खासगी रुग्णालयं पॅकेजचे दर परवडत नाहीत म्हणून यादीत यायला नाखूश, आणि आली तरी बिलं थकली की हात वर करतात. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आयुष्मानचे रुग्ण घेणंच थांबवलं होतं. हे सगळं खरं आहे, आणि 'साठ करा'चे फलक लावणारे यावर गप्प बसतात म्हणून माझा त्यांच्यावर राग आहे. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? पासष्ट वर्षांचा माणूस कार्ड नाही म्हणून आजारी पडायचं थांबत नाही. तो आजही कळव्यालाच येतो. फरक एवढाच की त्याच्या उपचारांपोटी त्या रुग्णालयाला आज दावा करता येण्याजोगी वेगळी रक्कम त्याच्या नावावर नसते; पात्र असेल तर सरकारी रुग्णालयालाही योजनेतून दाव्याचे पैसे मिळतात आणि त्यातून सामग्री घेता येते, माणसं लावता येतात. खाटा कमी आहेत म्हणून पात्रता रोखणं म्हणजे रांग दिसू नये म्हणून दरवाजा बंद करणं. रांग दिसू दे. दिसली तरच खाटा वाढतील.

जपानचं उदाहरण विरोधकांनी द्यायला हवं होतं. ते देत नाहीत, म्हणून मीच देतो. जपानने १९७३ मध्ये सत्तरीपुढच्यांचे उपचार मोफत केले. आपल्यासारखंच वय, आपल्यासारखाच उत्साह. दहा वर्षांत रुग्णालयं अशा वृद्धांनी भरली ज्यांना उपचारांपेक्षा सांभाळायला माणूस हवं होतं. घरी सोय नाही, म्हणून महिनोन्महिने खाटेवर. खर्च हाताबाहेर गेला आणि १९८३ पासून वृद्धांकडून थोडा वाटा घ्यायला सुरुवात झाली. मोफत दिलं की उधळपट्टी होते, याचा हा पुरावा नाही का? अर्धा आहे. जपानने पात्रता काढून घेतली नाही. त्यांनी चूक कुठे झाली ते शोधलं: पैसे फक्त रुग्णालयात मिळत होते, म्हणून लोक रुग्णालयात येत होते. एप्रिल २००० पासून त्यांनी घरी येणारी परिचारिका, दिवसभराचं सांभाळ केंद्र, अंघोळ घालायला येणारा माणूस यांचा स्वतंत्र विमा सुरू केला.

आपलं कार्डही फक्त ॲडमिट झाल्यावर चालतं. आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा, एवढीच त्याची बाहेरची धाव. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारती आठवा, लिफ्ट नसलेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात तरुण जोडपी तिथे राहायला आली, ती आज तिथेच म्हातारी झाली आहेत. अशा तिसऱ्या मजल्यावर अर्धांगवायू झालेल्या एका काकांकडे मी जातो. त्यांचे रुग्णालयातले नऊ दिवस योजनेत बसले, एक पैसा लागला नाही, घरचे आजही योजनेला दुवा देतात. पण आजार त्या नवव्या दिवशी सुरू झाला. ब्यूरोची बाई बारा तासांची; रात्रीची परवडत नाही, म्हणून रात्री काकू. एअर बेड भाड्याने. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायचा, तो आता एकदा येतो. डायपर, कॅथेटर, नळीतून द्यायचं दूध, बदलायची नळी. खाली डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीवर बसवून चार माणसांनी उचलायचं, आणि सोसायटीत उचलू शकतील अशी चार माणसं उरलेली नाहीत, कारण सगळे सत्तरीपुढचे. परवा काकूंनी मला विचारलं, "ह्यांना दोन दिवस ॲडमिटच करूया का हो? तिथे निदान फिजिओ तरी फुकट मिळेल." जपानमध्ये १९७५ साली लाखो घरांत हेच वाक्य बोललं गेलं असणार. विरोधक ज्या उधळपट्टीला भितात ती पात्रता वाढवल्याने होत नाही. घरच्या उपचारांना पैसे न देता फक्त खाटेला पैसे दिल्याने होते. दिव्यांग मुलाच्या आईला विचारा. तिला वर्षातून एकदा लागणाऱ्या ऑपरेशनपेक्षा आठवड्याला लागणारी थेरपी महाग पडते. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी (शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवा) केंद्र वाशीत आहे, त्याचं नाव राज्यभर घेतलं जातं. प्रत्येक शहराला एक असं केंद्र आणि त्याच्या सेवेचे पैसे कार्डातून, एवढं झालं तरी पुष्कळ.

गैरव्यवहाराबद्दल थोडक्यात. आयुष्मान योजनेवरच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले आढळले आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा नऊ. मेलेल्या रुग्णांवर उपचार चालू असल्याच्याही नोंदी सापडल्या. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. संताप योग्यच आहे. पण यातला कोणता घोटाळा पात्रता रुंद असल्यामुळे झाला? बनावट दाखला तिथे निघतो जिथे दाखल्याला भाव असतो. अट जेवढी अरुंद, दलाल तेवढा जाडा. आणि कडक तपासणीचा जाच नेमका कोणाला होतो ते पाहायचं असेल तर एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या कार्ड नोंदणीच्या शिबिराला जा. "आजी, अंगठा पुसून परत ठेवा." पन्नास वर्षं भांडी घासून त्या अंगठ्यावर रेषाच उरलेली नसते. मग चेहरा, मग डोळा, मग ओटीपी, आणि ओटीपी जातो पुण्याच्या मुलाच्या फोनवर, जो त्या वेळी मीटिंगमध्ये असतो. पलीकडे एका आजोबांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. कोणे एके काळी कोणीतरी अंदाजाने टाकलेली, तीही तीन वर्षांनी चुकलेली. ते स्वतः बहात्तर सांगतात, आधार एकोणसत्तर म्हणतं. मशीन आधारचं ऐकतं.

आणि 'मुलं आहेत ना, ती बघतील'? या एका वाक्यात जेवढं ओझं आहे तेवढं ते वाक्य म्हणणाऱ्यांनी क्वचितच उचललेलं असतं. बघतं कोण? बहुतेक घरांत सून किंवा न लग्न झालेली मुलगी, नोकरी सोडून. २००७ च्या कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण अर्धांगवायू झालेले आई-वडील मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढतील, अशी अपेक्षा ठेवणं क्रूर आहे. सरकारने उपचारांचा खर्च उचलला म्हणून मुलं आई-वडिलांना टाकून देत नाहीत. कर्जाच्या धास्तीने दुरावलेली मुलं मात्र मी पाहिली आहेत.

शेवटी पैसा. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राने सुरुवातीला धरलेली तरतूद होती ३,४३७ कोटींची, साऱ्या देशासाठी. एकट्या महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज जाहीर केला होता. त्या योजनेबद्दल मला तक्रार नाही. तिजोरी रिकामी आहे हे कारण कधी आठवतं आणि कधी नाही, याबद्दल आहे. साठीपुढच्यांना घेतल्यावर खर्च वाढेल, घरच्या सेवा घेतल्या तर चांगलाच वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. प्राप्तिकरावर २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षणाचा ४ टक्के उपकर आपण भरतोच आहोत. त्यातलं आरोग्याच्या वाट्याला किती येतं, हे विचारायचा हक्क तरी बजावावा.

रोजगार हमीसाठी पैसा कुठून आणला होता, तेही बघण्यासारखं आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. दुष्काळी गावातल्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बहुतेकांच्या पगाराच्या स्लिपवर तो आजही आहे: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाला अडीच हजार, कारण त्याहून जास्त घ्यायला राज्यघटनेचं कलम २७६ परवानगी देत नाही. ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तेव्हापासून हललेली नाही. १९८८ मध्ये अडीच हजार म्हणजे कित्येकांचा महिन्याचा पगार होता. आज दोन माणसांचं हॉटेलातलं जेवण. ती मर्यादा वाढवायची, वरच्या पगारांवर वाढीव कर लावायचा आणि तो फक्त वृद्ध-दिव्यांगांच्या घरच्या सेवांसाठी राखून ठेवायचा, तर घटनादुरुस्ती हवी, म्हणजे खासदारांनी दिल्लीत तोंड उघडायला हवं. दिव्यांग व्यक्तीला कुटुंबापासून वेगळा घटक मानून तिच्या नावावर रक्कम ठेवायला तर तेवढंही नको, मंत्रालयातला एक शासन निर्णय पुरे. 'सत्तरचं साठ करा'चे फलक ठाण्यात मी पुष्कळ पाहिले, शुभेच्छुकांच्या फोटोंसकट. 'माझा कर वाढवा' असं लिहिलेला एकही नाही.